बातमीतले औषध दुकानात मिळत नाही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत डोळ्यांच्या दाहावरच्या ‘स्टेरॉइडमुक्त’ औषधाची बातमी आली, त्या दिवशी दुपारपासूनच लोक मोबाइलवर तिचा फोटो घेऊन माझ्या दुकानात येऊ लागले. फलटणला माझे औषधांचे दुकान आहे. बातमी मी दोनदा वाचली. औषधाचे नाव नाही, चाचणी कुठे झाली ते नाही, किती जणांवर झाली तेही नाही. शेवटून दुसऱ्या ओळीत ‘प्राण्यांवरील प्रयोगांत आशादायक निष्कर्ष’ एवढे शब्द होते. शीर्षकात मात्र औषध आलेले होते आणि अंधत्वाची भीती गेलेली होती.

गिऱ्हाइकाला ‘हे अजून बाजारात नाही’ म्हटले की त्याला वाटते, याच्याकडे माल नाही, बारामतीला मिळेल. त्याचे मला काही नाही. पण त्या लोकांत साठीच्या एक मावशी होत्या. त्यांच्या डोळ्यात आतून सूज आहे. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे ड्रॉप दर दोन तासांनी घालायला आणि पुढे सांगतील तसे हळूहळू कमी करायला सांगितले होते. बातमी वाचून त्यांनी सकाळपासून ते बंदच करून टाकले. ‘पेपरातच आलंय की, स्टेरॉइड वाईट म्हणून!’ हे ड्रॉप असे एकदम तोडले तर दबलेला दाह पुन्हा उसळतो. मी त्यांच्यासमोरच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, तेव्हा कुठे दुकानातल्या बाकावर बसून त्यांनी ड्रॉप घातला. पत्र लिहायला बसलो ते यामुळे.

आधी हा दाह कुठला ते सांगायला हवे, कारण बातमीत तेच नव्हते. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती. ती डोळ्याच्या वरच्या आवरणाची, बहुतेकांची आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरी होणारी. इथे गोष्ट आहे युव्हियायटिसची. डोळ्याच्या आत रंगीत बुबुळ, त्याच्या मागचा स्नायू आणि दृष्टिपटलाखालचा रक्तवाहिन्यांचा थर मिळून जो भाग होतो, त्याला आलेली सूज. ती कधी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने येते. कंबर आखडणाऱ्या संधिवातात येते, लहान मुलांच्या संधिवातात येते, शरीरात ठिकठिकाणी दाहाच्या गाठी येणाऱ्या सार्कोइडोसिसमध्ये येते. आणि कधी ती जंतूंमुळे येते: क्षय, सिफिलिस, टोक्सोप्लाझ्मा. १९९३ च्या पुरानंतर मदुराईच्या डॉक्टरांना लेप्टोस्पायरोसिसमधून झालेल्या युव्हियायटिसचे रुग्ण एकगठ्ठा सापडले होते. पूर आपल्या सांगली-कोल्हापूरलाही नवा नाही. चाचण्यांमधली दाह दाबणारी नवी औषधे जवळपास सगळी फक्त पहिल्या प्रकारासाठी असतात. जंतू आत बसलेला असताना नुसता दाह दाबला, तर जंतूला मोकळे रान. एवढा एक शब्द, ‘जंतुसंसर्ग नसलेला’, बातमीत असता तरी अर्धे काम झाले असते.

मला हे दुकानदार म्हणून जेवढे कळते, त्यापेक्षा बाप म्हणून जास्त कळते. माझी धाकटी पाच वर्षांची असताना तिचा गुडघा सुजला. लहान मुलांचा संधिवात असे निदान झाले आणि पुण्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या औषधाबरोबर डोळे तपासायचीही चिठ्ठी दिली. आम्हाला कळेना, गुडघ्याचा आणि डोळ्याचा काय संबंध? डोळे पांढरेशुभ्र, लाली नाही, पाणी नाही, पोर लांबच्या दुकानाची पाटी वाचायची. या आजाराची खोड हीच आहे. मुलांचा डोळा बाहेरून शांत असतो आणि आत दाह चालू असतो. तो तसाच राहिला तर बुबुळ मागच्या भिंगाला चिकटते, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर कॅल्शियमचा पांढरट पट्टा चढतो, मोतीबिंदू होतो, काचबिंदू होतो. पोरगी ‘दिसत नाही’ म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो.

डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवला, तिला माझ्या मांडीवर घेऊन हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली आणि प्रकाशाची एक बारीक, तिरपी पट्टी डोळ्यात सोडली. मग शिकाऊ डॉक्टरांसाठी असते त्या बाजूच्या नळीतून मलाही बघू दिले. पुढची पारदर्शक काच आणि बुबुळ यांच्यामधल्या पाण्यात, कवडशात धूळ तरंगावी तसे, पांढरे ठिपके सावकाश वर-खाली होत होते. त्या पांढऱ्या पेशी. निरोगी डोळ्यात तिथे काही दिसता कामा नये. प्रकाशाची पट्टी एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटर ठेवून डॉक्टर त्या मोजतात. ६ ते १५ दिसल्या तर ‘वन प्लस’, १६ ते २५ ‘टू प्लस’, ५० च्या वर ‘फोर प्लस’. तज्ज्ञांनी एकत्र बसून जगभरासाठी ही मोजणी ठरवून घेतली आणि २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हलणाऱ्या पोरीच्या डोळ्यात तरंगणारे ठिपके मोजणे काय कसबाचे काम असेल, ते त्या नळीतून बघितल्यावरच कळते.

हे एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की बातम्यांत ‘दाह ६० टक्के कमी झाला’ वगैरे येते तेव्हा त्यामागे बरेचदा हेच असते. पेशी किती पायऱ्या उतरल्या, किती आठवडे उतरलेल्या राहिल्या आणि तेवढ्या वेळात स्टेरॉइड किती लागले. उंदराच्या डोळ्यात हे होणे निराळे आणि शाळेत जाणाऱ्या पोरीच्या डोळ्यात होणे निराळे.

स्टेरॉइडला शिव्या देण्याची सध्या पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले, १९५० मध्ये त्यांना आणि दोघा रसायनशास्त्रज्ञांना नोबेल मिळाले आणि त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनीही ते हाती घेतले. त्याआधी डोळ्यातल्या अशा सुजेवर डॉक्टरांच्या हातात फारसे काही नव्हते. पेटलेला डोळा काही दिवसांत शांत करायचा तर आजही स्टेरॉइडच लागते. अडचण पुढे येते. महिनोन्‌महिने घातले तर मोतीबिंदू होतो, साधारण तिघांत एकाच्या डोळ्याचा दाब चढतो आणि पोटातून घेतले तर हाडे, साखर, मुलांची वाढ असे सगळेच बिघडू लागते. म्हणून स्टेरॉइडने आग विझवायची आणि मग दुसऱ्या औषधावर डोळा शांत ठेवायचा. चाचण्या चालतात त्या या दुसऱ्या औषधासाठी. आपल्या बातमीने ‘स्टेरॉइडच्या जोडीला’ याचे ‘स्टेरॉइडऐवजी’ करून टाकले.

आमच्या मुलीला ते दुसरे औषध म्हणून मेथोट्रेक्झेट सुरू झाले. जुने, स्वस्त, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचे. (हे रोज घेतले तर जीव जाऊ शकतो. माझ्या दुकानातून जाणाऱ्या त्याच्या प्रत्येक पट्टीवर मी पेनाने वार लिहितो आणि घरच्यांकडून तो वदवून घेतो.) गुडघा ताळ्यावर आला, डोळा मात्र ‘वन प्लस’, ‘टू प्लस’ यांतच घुटमळत राहिला.

अशात २०१७ मध्ये ‘सायकॅमोर’ या ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अगदी आमच्यासारखीच मुले: संधिवात, मेथोट्रेक्झेट चालू, तरी डोळ्यात दाह. ९० मुले घेतली. ६० जणांना अडालिमुमॅब हे दाह दाबणारे इंजेक्शन, ३० जणांना तसेच दिसणारे औषध नसलेले इंजेक्शन. दोन्हीकडे मेथोट्रेक्झेट चालूच, म्हणजे कुणालाही उघड्यावर सोडलेले नाही. अडालिमुमॅबच्या गटात २७ टक्के मुलांत उपचार फसले, दुसऱ्या गटात ६० टक्के मुलांत. फरक इतका ढळढळीत होता की देखरेख समितीने चाचणी मुदतीआधीच थांबवायला लावली. त्याच निष्कर्षांत हेही छापले होते की अडालिमुमॅब घेणाऱ्या मुलांना त्रासही जास्त झाले. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही आकडे आमच्यासमोर ठेवले आणि आम्ही हो म्हटले.

मोठ्या माणसांच्या युव्हियायटिसवर या औषधाला अमेरिकेत २०१६ मध्येच मंजुरी मिळाली होती. आपल्याकडे त्याची तशीच देशी आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्येच बाजारात आणली होती, नाहीतर आमच्यासारख्यांनी त्याचे नावही काढले नसते. तरीही सुरुवातीला एका इंजेक्शनची किंमत माझ्या गाळ्याच्या महिन्याच्या भाड्याच्या वर होती, आणि इंजेक्शन दर पंधरवड्याला. २ ते ८ अंशांत ठेवायचे. उन्हाळ्यात वीज गेली की मी दुकानातल्या फ्रिजचे दार कुणाला उघडू देत नसे. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाच्या तपासण्या झाल्या, कारण हे औषध टीएनएफ नावाच्या ज्या प्रथिनाला अडवते, तेच प्रथिन शरीरात दबून असलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवायला लागते. आपल्या देशात ही पायरी गाळून चालत नाही. परदेशी बातमी जशीच्या तशी उतरवून घेतली की नेमकी तीच गळते.

आता मुलगी अकरावीत आहे. डोळ्यात बरीच वर्षे पेशी नाहीत. आता घरात वाद चालतो तो औषध थांबवायचे की नाही यावर. यावरही चाचणी झाली, ‘अ‍ॅडजस्ट’ नावाची, अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात. या आजाराचे, डोळा शांत असलेले ८७ जण घेतले. ज्यांचे औषध चालू ठेवले त्यांच्यापैकी १४ टक्क्यांचा दाह उलटला, ज्यांचे थांबवले त्यांच्यापैकी ६८ टक्क्यांचा. दिलासा एवढाच की औषध पुन्हा चालू केल्यावर उलटलेला दाह परत आटोक्यात आला. हे आकडे मी मुलीलाच वाचायला दिले. डोळे तिचे आहेत. तिने बारावीची परीक्षा होईपर्यंत काही हलवायचे नाही असे ठरवले आणि डॉक्टरांनीही मान डोलावली. या चाचणीत नवे औषध कुठलेच नव्हते, म्हणून तिची बातमीही झाली नाही.

संपादक महोदय, फसलेल्या औषधांची बातमी तर कुणीच करत नाही. सेक्युकिनुमॅब हे सोरायसिसवर आणि कंबरेच्या संधिवातावर चांगले चालणारे औषध. युव्हियायटिसवर त्याच्या तीन चाचण्या झाल्या, तिन्हींत मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. डोळ्यात टोचायच्या सिरोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१७ मध्ये होता त्या पुराव्यावर मंजुरी दिली नाही. सुई न टोचता, विजेच्या सौम्य प्रवाहाने डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड डोळ्यात ढकलायची एक युक्ती होती. वाचताना मला ती फार आवडली होती. २०१८ च्या चाचणीत ती साध्या प्रेडनिसोलोन ड्रॉपच्या बरोबरीची ठरली नाही. इटॅनरसेप्ट सांध्यांना गुण देते आणि तेही टीएनएफलाच अडवते, तरी डोळ्याच्या बाबतीत त्याचा भरवसा धरत नाहीत. एका जागी चालले म्हणून दुसरीकडे चालेलच असे नाही, आणि हे कळते ते चाचणी करूनच. ज्या रुग्णांनी या फसलेल्या चाचण्यांत आपले डोळे पुढे केले, त्यांच्यामुळे माझ्या मुलीला नको ते औषध टोचले गेले नाही. निदान चार ओळी तरी त्यांच्या वाट्याला यायला हव्या होत्या.

आणि एक चाचणी तर आपल्या देशातली. युव्हियायटिसवर मेथोट्रेक्झेट बरे की मायकोफेनोलेट? मायकोफेनोलेटही प्रतिकारशक्ती दाबणारेच, पण त्यातल्या त्यात नवे आणि महाग, म्हणून कित्येक तज्ज्ञांचा कल तिकडे. दोन्ही औषधे पेटंटच्या बाहेर गेलेली, त्यामुळे ही तुलना करण्यात कुठल्या कंपनीला रस असणार? मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाबरोबर आधी ८० रुग्णांवर ती केली, मग भारत, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सौदी अरेबिया आणि मेक्सिको मिळून २१६ रुग्णांवर. पैसा अमेरिकी सरकारच्या नेत्रसंस्थेचा. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी मेथोट्रेक्झेटने ६६.७ टक्के रुग्णांत यश, मायकोफेनोलेटने ५७.१ टक्के रुग्णांत. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक पक्का नाही, पण महागडे औषध सरस नाही हे त्यातून दिसले. ज्यांच्या डोळ्याच्या मागच्या भागात दाह होता, त्यांच्यात तर मेथोट्रेक्झेटचेच पारडे जड होते. आणि ‘यश’ कशाला म्हटले ते बघा: दोन्ही डोळ्यांतला दाह आटोक्यात, पोटातून प्रेडनिसोन हे स्टेरॉइड दिवसाला साडेसात मिलिग्रॅम किंवा कमी, ड्रॉप दिवसाला दोन किंवा कमी. यशाच्या व्याख्येतसुद्धा स्टेरॉइडला जागा आहे. ‘स्टेरॉइडमुक्त’ हा शब्द वापरण्याआधी उपसंपादकाने हे वाक्य एकदा वाचावे.

या चाचणीने माझ्या गल्ल्यावर परिणाम झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत मायकोफेनोलेट कमी झाले, मेथोट्रेक्झेट वाढले, म्हणजे माझी विक्री उतरली आणि पेशंटचा खर्चही उतरला. पेपरात मात्र ती बातमी मी पाहिल्याचे आठवत नाही.

नव्या औषधांना माझा विरोध असायचे कारणच नाही. माझी मुलगी एका नव्या औषधावरच बघते आहे. बॅरिसिटिनिब, ब्रेपोसिटिनिब या, दाहाचा निरोप पेशीत पोचवणारे जॅक एन्झाइम अडवणाऱ्या गोळ्यांच्या युव्हियायटिसवरच्या चाचण्यांकडे माझे लक्ष असते. इंजेक्शनऐवजी गोळी, फ्रिजची कटकट नाही, याचे मोल आमच्यासारख्यांना विचारा. पण याच वर्गातल्या काही औषधांवर हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग यांचा ठळक इशारा छापायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये लावले, तेही लक्षात असते. व्हॅमिकिबार्ट नावाचे, आयएल-६ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवणारे आणि थेट डोळ्यात टोचायचे इंजेक्शन युव्हियायटिसमुळे दृष्टिपटलाच्या मध्यावर येणाऱ्या सुजेवर तपासले गेले आहे. या सगळ्यांवर जरूर लिहा. फक्त प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, किती माणसांवर, कशाच्या तुलनेत, आणि कुणाला त्यात घेतलेच नव्हते, हे पहिल्या चार ओळींत येऊ द्या. भारतातल्या चाचण्यांची नोंद सरकारी नोंदणीत असते. २००९ पासून ती सक्तीची आहे आणि तिचे संकेतस्थळ कुणालाही उघडता येते. वार्ताहराला तिथे औषध सापडले नाही तर निदान ‘भारतात चाचणीची नोंद आढळली नाही’ असे तरी लिहिता येईल. ‘आम्हाला त्या चाचणीत घ्या’ म्हणून पुण्याच्या गाडीत बसणाऱ्या माणसाचे भाडे त्याने वाचेल.

सध्या एकच मागणे आहे. त्या बातमीची दुरुस्ती छापा. प्रयोग प्राण्यांवरचा आहे, औषध कुठल्याही दुकानात मिळत नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ड्रॉप कुणी बंद करू नयेत, एवढी तीन वाक्ये पुरेत. पहिल्या पानावर नकोत. पुरवणीत त्याच जागी आणि त्याच आकाराच्या टाइपात येऊ द्यात, म्हणजे ज्यांनी ती बातमी वाचली त्यांच्या नजरेला पडेल. छापून आली की कात्रण मी काउंटरच्या काचेवर चिकटवतो.

आपला नम्र,
एक औषध विक्रेता, फलटण, जि. सातारा